ओरखडा कोण काढतो?

मोबाइलच्या पडद्यावर बारीक ओरखडे दिसले की आपण खिशातल्या किल्लीला दोष देतो. पण खरा गुन्हेगार ओळखण्याची रीत १८१२ सालापासून आपल्या हाती आहे. त्या वर्षी फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने दहा खनिजे काठिण्यानुसार क्रमाने मांडली. कसोटी साधी होती: जे दुसऱ्यावर ओरखडा काढते, ते अधिक कठीण. संगजिरे १, हिरा १०. या श्रेणीत काच साडेपाच-सहाच्या आसपास येते. पितळी किल्ली तिच्या बरीच खाली, तर गारगोटी ७ वर. आणि वाळूत, धुळीत गारगोटीचेच कण असतात!

१९६२ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ‘केमकॉर’ ही काच तयार केली. वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवल्यावर काचेतील सोडियम आयनांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीने बसतात. पृष्ठभाग दाबाखाली राहतो, काच सहजी तडकत नाही. २००७ पासून याच तत्त्वावरील काच मोबाइलवर आली. ती मजबूत आहे; पण गारगोटीहून कठीण नाही.

म्हणून पडदा आधी फुंकावा, मग मऊ कापडाने पुसावा. जुन्या काचेच्या तुकड्यावर किल्ली आणि गारगोटी ओढून, काठिण्यातील हा फरक आपण वर्गातही दाखवू शकतो.