‘अव्वल तालुकदार’ ते ‘जिल्हाधिकारी’ : बिलोलीच्या बोलण्यात नवे शब्द आले कसे?

बिलोली तालुक्यात जमिनीचा एखादा जुना वाद उभा राहिला की खासरा, सेतवार, पाहणी पत्रक, मुंतखब हे शब्द हमखास पुढे येतात. त्याच प्रकरणाच्या अर्जावर मात्र दिनांक, क्रमांक, शुल्क, उपस्थित असे शब्द छापलेले असतात. पहिल्या गटातील शब्द निजामी राजवटीच्या कारभारातून आले. दुसऱ्या गटातील बहुतेक शब्द विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत जाणीवपूर्वक घडविले गेले अथवा संस्कृतातून उचलून नव्या अर्थाने रूढ केले गेले. बिलोलीसारख्या तेलंगणाच्या सीमेवरील तालुक्यात हे दोन्ही गट आजही शेजारी शेजारी नांदतात.

नव्या शब्दांची निकड त्या काळात जगभर भासत होती. विज्ञान, युद्ध आणि करमणूक या तिन्ही क्षेत्रांत नित्य नवी वस्तू येत होती व तिला नाव हवे होते. १९१२ साली कासिमिर फुंक या पोलिश वंशाच्या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये अन्नातील अत्यावश्यक द्रव्यांसाठी ‘व्हिटामाइन’ हा शब्द सुचविला. ‘व्हिटा’ म्हणजे जीवन आणि ‘अमाइन’ हा एक रासायनिक वर्ग. पुढे ही सर्व द्रव्ये त्या वर्गातील नाहीत असे आढळल्यावर १९२० मध्ये शेवटचे अक्षर गाळून ‘व्हिटॅमिन’ करण्यात आले. मराठीने त्यातील ‘जीवन’ तेवढे उचलले आणि ‘जीवनसत्त्व’ असा शब्द केला. रसायनशास्त्राची ती चूक त्यामुळे मराठीत आलीच नाही. ‘रणगाडा’ हा शब्दही असाच. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपले नवे यंत्र गुप्त ठेवण्यासाठी त्याला पाण्याची टाकी भासविणारे ‘टँक’ हे नाव दिले. मराठी शब्दाने मात्र ते यंत्र काय करते हे सरळ सांगितले. झेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आलेला ‘रोबोट’ मराठीत ‘यंत्रमानव’ झाला, तरी आज मूळ शब्दच अधिक ऐकू येतो.

एकाच काळातील दोन टाकसाळी

बिलोली तेव्हा हैदराबाद संस्थानात होती. संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली होती. मराठी, तेलुगू आणि कानडी या बहुसंख्य प्रजेच्या भाषा कचेरीच्या उंबरठ्याबाहेरच राहिल्या. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि सर्व विषय उर्दूतून शिकविण्याचे ठरले. पाठ्यपुस्तकांसाठी १९१७ मध्येच हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतर विभाग सुरू करण्यात आला होता. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, अर्थकारण अशा विषयांसाठी तेथे हजारो पारिभाषिक शब्द सिद्ध झाले. अर्थशास्त्रासाठी मआशियात, मानसशास्त्रासाठी नफ्सियात, जीवशास्त्रासाठी हयातियात असे शब्द या पुस्तकांतून प्रचारात आले. या कार्याचे एक प्रमुख सूत्रधार मौलवी अब्दुल हक होत. त्यांच्या ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’ या संस्थेचे मुख्य कार्यालय १९१३ पासून पाव शतकभर औरंगाबादेत होते. म्हणजे उर्दूच्या नव्या परिभाषेचे एक मोठे केंद्र प्रत्यक्ष मराठवाड्याच्या भूमीवरच होते, ही बाब मराठी वाचकांच्या सहसा ध्यानात राहत नाही.

नेमक्या त्याच वर्षांत रत्नागिरीत उलट दिशेचा उद्योग चालू होता. १९२४ पासून तेथे स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकर यांनी मराठीतून अरबी, फारसी आणि इंग्रजी शब्द काढून स्वकीय शब्द योजावेत, अशी मोहीम आरंभिली. ‘मराठी भाषेचे शुद्धीकरण’ ही त्यांची पुस्तिका १९२६ मध्ये निघाली. ही कल्पना अगदी नवी नव्हती. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून सुमारे चौदाशे दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेच होते. फरक एवढाच की आता शब्द राजाच्या आज्ञेने नव्हे, तर वर्तमानपत्रे, शाळा आणि चित्रपटगृहे यांच्याद्वारे पसरणार होते. महापौर, दिनांक, क्रमांक, बोलपट, दिग्दर्शक, मध्यंतर, विशेषांक, हुतात्मा हे शब्द सावरकरांच्या नावावर सांगितले जातात. अशा याद्या अलीकडे फुगत चालल्या आहेत. त्यांतील काही शब्द संस्कृतात आधीपासून होते, तर काही इतरांनीही सुचविले होते. ते रूढ करण्याचे श्रेय मात्र त्यांना द्यावेच लागते.

या वादातील सर्वांत विलक्षण व्यक्ती म्हणजे कवी माधव जूलियन उर्फ माधवराव पटवर्धन. ते फारसीचे अध्यापक होते. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती आणि १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोशही सिद्ध केला. तेच पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले व १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. फारसी उत्तम जाणणाऱ्यानेच ती मराठीतून वजा करावयास निघावे, याचे त्या वेळी अनेकांना नवल वाटले. मराठीभाषक राजांच्या बडोदे संस्थानाने तिसरी वाट धरली. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा बहुभाषी कोश काढून तेथे कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडण्यात आले.

तालुक्यापर्यंत काय पोहोचले?

रत्नागिरी-पुण्यातील हे मंथन बिलोलीला जवळजवळ कळलेच नाही, असे म्हणावे लागेल. संस्थानात ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाने सभा-संमेलनांवर परवानगीचे जोखड आले होते. गश्ती म्हणजे परिपत्रक. शाळांचे वर्ग तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया असे. प्राथमिक, माध्यमिक हे शब्द नंतरचे. मुख्याध्यापकास सदर मुदर्रिस म्हणत. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार होता. गावचे दप्तर पटवाऱ्याकडे असे.

इंग्रजी शब्द मात्र कोणाची परवानगी न घेता आले. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत धावू लागली. धर्माबाद, उमरी, मुदखेड ही स्थानके झाली आणि टेशन, शिंगल, गारड, तिकीट हे शब्द गावोगाव गेले. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने मोटारबस सेवा सुरू केली, तेव्हा आणखी काही शब्द आले. त्यांच्यासाठी कोणी कोश केला नाही. लोकांनी आपल्या जिभेला सोसेल तसे ते घासून घेतले आणि कोणत्याही भाषांतर विभागापेक्षा ते जास्त टिकले.

घडविलेल्या मराठी शब्दांपैकी एक शब्द बिलोली तालुक्यात फार मोठी किंमत देऊन आला. स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची ऑक्टोबर १९४६ मध्ये अर्जापूरजवळ हत्या झाली. (२०१५ मध्ये कोल्हापुरात ज्यांची हत्या झाली ते कॉम्रेड गोविंद पानसरे वेगळे.) हैदराबाद मुक्तिसंग्रामातील मराठवाड्याचे आद्य हुतात्मा म्हणून त्यांचा उल्लेख होतो. अर्जापूरच्या महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. अर्जापूर परिसरात ‘हुतात्मा’ म्हटले की पानसरे यांचेच नाव आठवते. ‘शहीद’ हा शब्द संस्थानाच्या उर्दूत होता आणि तो सर्वांना कळतही होता. तरी मराठीत या मृत्यूसाठी नवा शब्द निवडला गेला. त्याच लढ्यात ‘रझाकार’ या मूळच्या ‘स्वयंसेवक’ अर्थाच्या शब्दाला इतका काळिमा लागला की मराठवाड्यात तो आजही शिवीसारखा वापरला जातो. सप्टेंबर १९४८ च्या भारतीय लष्करी कारवाईला दिल्लीने ‘पोलीस ॲक्शन’ असे इंग्रजी नाव दिले. शासकीय कार्यक्रमपत्रिकेत ‘मुक्तिसंग्राम दिन’ छापला जातो, पण वृद्ध माणसे साल सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ किंवा ‘नंतर’ असेच सांगत आली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. भाषा संचालनालय स्थापन झाले व १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. त्यातील बोजड संस्कृत नावांमुळे त्याची ‘बदनाम कोश’ अशी टिंगलही झाली. तरीही संचालक, अधीक्षक, अभियंता ही नावे पाट्यांवर लागली आणि हळूहळू तोंडीही बसली. रत्नागिरीत सुरू झालेली चळवळ बिलोलीस पोहोचली ती व्याख्यानांतून नव्हे, तर शाईचे शिक्के आणि छापील नमुन्यांतून. त्यामुळेच येथे ती शुद्धीची चळवळ म्हणून कधी अनुभवास आलीच नाही. लोकांना ती कचेरीची बदललेली भाषा वाटली, एवढेच.

या देवघेवीत मराठवाडा सर्वत्र हरला असेही नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तालुक्याच्या अधिकाऱ्यास मामलेदार म्हणत, तर निजामी मुलखात आणि विदर्भात तहसीलदार. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने संपूर्ण राज्यासाठी ‘तहसीलदार’ हे पद ठरविले. मामलेदार हा शब्द १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या नावात तेवढा अडकून राहिला. उलट पटवारी गेला आणि तलाठी आला. सावरकरांनी ‘कायदा’ या अरबी शब्दाऐवजी ‘निर्बंध’ योजला होता. तो चालला नाही. मात्र २०२० च्या टाळेबंदीत ‘निर्बंध’ घरोघर पोहोचला, तो बंधन या अर्थाने. फाउंटन पेनासाठीचा ‘झरणी’ हा गोड शब्द तर पेनासह लोपला. ‘नभोवाणी’ला म्हैसूरहून आलेल्या ‘आकाशवाणी’ने मागे सारले आणि दोहोंना ‘रेडिओ’ने.

जुने शब्द कळणे ही आता केवळ अभ्यासकांची हौस राहिलेली नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. तेव्हा तालुक्या-तालुक्यांतील उर्दू आणि मोडी दप्तरे बाहेर काढावी लागली व ती वाचू शकणाऱ्यांचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधी शासन निर्णय निघाल्यावर अशा कागदांचे महत्त्व आणखी वाढले. एखाद्या कुटुंबाचा दाखला अथवा जमिनीचा हक्क आता एका जुन्या शब्दाच्या वाचनावर अवलंबून असू शकतो.

अशा कागदांवरील तारखाही फसली सनाच्या असतात आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी. हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरमधील नोंदीसाठी फसली सनात ५९० आणि पुढील महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. बहमन १३३९ म्हणजे साधारण डिसेंबर १९२९, तर त्याच वर्षाचा खुर्दाद म्हणजे एप्रिल १९३०. हैदराबाद मुक्त झाले तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस या गणनेत १३५७ फसलीच्या शेवटच्या, आबान महिन्यात येतो.