मालवणच्या समुद्रात शून्य कुठे असतं?

शून्य म्हणजे 'काहीच नाही'? मालवणच्या किनाऱ्यावर तर दोन शून्यं आहेत! जमिनीच्या नकाशात उंची मोजतात सरासरी समुद्रसपाटीपासून. सागरी नकाशात खोली मोजतात मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, साधारण त्या पातळीपासून.

समजा, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ एका जागी नकाशात खोली 2 मीटर आहे. भरती-ओहोटीच्या तक्त्यात 1.5 असेल, तर पाणी 3.5 मीटर. तक्त्यात 0 असेल, तरी 2 मीटर पाणी उरतंच. उणे 0.1 असेल, तर 1.9.

होडी खडकाला लागू नये म्हणून हे शून्य मुद्दाम खाली धरतात. त्यामुळे पाणी बहुतेक वेळा नकाशापेक्षा जास्तच मिळतं. आकडा वाचण्याआधी विचारायचं एवढंच: शून्य कुठलं?