मानेतील गाठींचा माग

तोंडाचा कर्करोग तोंडातच असेपर्यंत बरा होण्याची शक्यता चांगली असते. त्याच्या पेशी मानेतील लसिकाग्रंथींत शिरल्या, की ती जवळजवळ निम्म्यावर येते. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या देशात ‘मान मोकळी आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच कळीचा ठरतो.

परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झाले. (खारघरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ याच परिवारातले, पनवेलकडच्या वाचकांना ते परिचित असेल.) त्या काळी मान तपासण्याचे मुख्य साधन म्हणजे डॉक्टरांची बोटे. क्ष-किरण १८९५ पासून ठाऊक होते, पण साध्या चित्रात स्नायू आणि ग्रंथी वेगळ्या ओळखू येत नाहीत. १९७१ मध्ये हौन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने ही अडचण दूर केली. पुढे एमआरआय आला. तो ऊतींमधील पाण्यातल्या हायड्रोजनचा वेध घेतो. सोनोग्राफी स्वस्त असते, आणि तिच्या मदतीने संशयित ग्रंथीत सुई घालून पेशीही काढता येतात.

मात्र सीटी आणि एमआरआय मुख्यतः आकारावरूनच निवाडा करतात: ग्रंथी साधारण १० मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर संशय घ्यायचा. आता वर्गात करून पाहण्याजोगे एक गणित. एका घन मिलिमीटरमध्ये सुमारे दहा लाख पेशी धरल्या, तर ३ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात एक कोटीहून अधिक पेशी मावतात. ग्रंथी न सुजता एवढा रोग आत लपू शकतो.

पेट स्कॅन आकाराऐवजी पेशींची साखरेची भूक पाहतो. त्यासाठी साखरेसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडतात. त्याचा अर्धायुकाल फक्त ११० मिनिटे, म्हणून सायक्लोट्रॉन जवळ लागतो. भारतात ही सोय प्रथम परळलाच, २००२ मध्ये झाली. पण क्षयाची किंवा किडलेल्या दातामुळे सुजलेली ग्रंथीही साखर ओढते, आणि अगदी बारीक ठिपका पेटलाही दिसत नाही.

मग गाठ हाताला लागत नसताना मानेतील ग्रंथी काढाव्यात, की वाट पाहावी? २००४ ते २०१४ या काळात टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आधी काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तेव्हा सुमारे ३० टक्के रुग्णांत रोग सापडला.

म्हणून यंत्रे निरुपयोगी ठरत नाहीत. २०१६ मधील एका ब्रिटिश चाचणीत मानेत रोग पसरलेल्या ५६४ रुग्णांचा अभ्यास झाला. किरणोपचार व औषधांनंतर पेट स्कॅन करून गरजेपुरतीच शस्त्रक्रिया केली, तरी जगण्याचे प्रमाण घटले नाही. त्या गटातील बहुतेकांची शस्त्रक्रिया टळली. आमच्या मते कोणते यंत्र श्रेष्ठ, याआधी प्रश्न कोणता, हे ठरवावे लागते.