अंगणातले उत्खनन

इतिहासाशी माझा संबंध मॅट्रिकच्या परीक्षेबरोबर संपला होता. तो पुन्हा जुळला 1982 सालच्या पावसाळ्यात, कढीपत्त्याचे रोप लावायला अंगणात खड्डा खणताना. त्याच वर्षी 26 ऑगस्टला चंद्रपूर जिल्हा फुटून गडचिरोली वेगळा झाला. कचेरीत कुठले कपाट कुठल्या जिल्ह्याचे यावर खल चालला होता. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच फुटक्या वस्तूवर होते. कुदळीला एक खापर लागले. तळहाताएवढे, अर्धे पिवळट, अर्धे तपकिरी, आणि दोन रंगांच्या सीमेवर ओघळांची सुरेख नक्षी.

आमचे भाड्याचे घर पठाणपुरा वेशीजवळ, गोंड राजांच्या परकोटाच्या आत. अशा जागी निघालेले खापर ऐरेगैरे कसे असेल? मी ते धुऊन, रुमालात गुंडाळून शेजारच्या प्राध्यापकांकडे नेले. ते इतिहास शिकवीत. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "स्लिपवेअर असू शकेल."

स्लिपवेअर म्हणजे पायात घालायची काहीतरी चीज असावी, असे मला वाटले. पण नाही. माती पाण्यात साईसारखी कालवायची. तो लेप म्हणजे स्लिप. कच्च्या भांड्यावर आपण जिलबी पाडतो तशी त्याची धार धरायची, किंवा ओल्या लेपावरून फणी फिरवायची. वर शिशाची झिलई दिली, की भट्टीतून पिवळेधमक भांडे निघते. इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या थॉमस टॉफ्ट नावाच्या कुंभाराने 1670 च्या सुमारास अशी मोठाली ताटे केली आणि त्यांवर स्वतःचे नाव घातले. (आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते लग्नात देणाऱ्याचे, घडवणाऱ्याचे नव्हे.) हीच पिवळी भांडी जहाजांतून अमेरिकेतल्या वसाहतींत गेली. तिथे आता संशोधक जुन्या वस्त्या खणतात, आणि ही खापरे निघाली की त्यांवरून वस्तीचा काळ ठरवतात.

मग काय विचारता! मे 1818 मध्ये कर्नल अॅडम्सच्या फौजेने चांद्याचा किल्ला घेतला, एवढे मला प्राध्यापकांनीच सांगितले होते. पुढचे मी रचले. माझ्या कढीपत्त्याच्या जागी एका कॅप्टनाचा तंबू उभा राहिला. मे महिन्यातल्या चांद्याच्या उन्हात तो घामाघूम होऊन याच ताटात जेवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राध्यापकांनी त्याला उपाशी उठवले. पुस्तक उघडून ते म्हणाले, "1760 नंतर वेजवुडची मलईरंगी भांडी निघाली. 1818 चा साहेब स्लिपवेअरमध्ये जेवणे कठीण. शिवाय हे खापर फार जाड दिसते."

मी हट्टाला पेटलो. रविवारी एसटीने भद्रावती गाठली. तिथे कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघात मातीकाम शिकवतात. चाकावर बसलेल्या एका कारागिराने खापर नखाने टिचकावले, उलटे केले आणि सांगितले, "साहेब, हे त लोनच्याची बरनी होय."

"आणि ही नक्षी?"

"झिलई ओघळली."

माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. त्याने समजावले. भांडे आधी एका झिलईत बुडवायचे, मग उपडे करून दुसरीत. म्हणून वर तपकिरी, खाली पिवळट. ही तऱ्हाही मूळची साहेबाचीच. ब्रिस्टलमध्ये 1835 च्या सुमारास ही बिनशिशाची झिलई निघाली, हे पुढे प्राध्यापकांनी सांगितले. बिनशिशाची, हे महत्त्वाचे. टॉफ्टच्या ताटात लिंबाचे लोणचे मुरवले असते तर आंबटपणाने शिसे सुटून घरातल्यांच्या पोटात गेले असते. साहेब 1947 साली गेला, पण बरणी आमच्या फडताळात राहिली.

निघताना मी विचारले, "तुम्ही स्लिप करता का?" त्याने कोपऱ्यातल्या रांजणाकडे बोट दाखवले. कच्च्या मडक्याला गेरूच्या पाण्याचा हात देतात, ते आणखी काय? म्हणजे चांद्याच्या उन्हाळ्यात ज्याच्या आधाराने मी जिवंत राहतो, ते माझ्या घरातच होते. त्याच्या तुकड्यांना कुणी नंबर घालून कपाटात ठेवल्याचे मात्र मी पाहिलेले नाही. बाजारात त्याची किंमत अजून घासाघीस करूनच ठरते, आणि ती घासाघीस करण्यात मी पटाईत होतो.

घरी येऊन मी खापर ओसरीवर ठेवले. आई तांदूळ निवडत होती. तिने ते उचलले, अंगठ्याने पुसले.

"कुठे सापडले तुला?"

"अंगणात. दीडशे वर्षांपूर्वीचे समजत होतो मी."

"तीन वर्षांपूर्वीचे आहे," आई म्हणाली. "वरोऱ्याहून सामान आणलेस ना, ट्रकमधून? तुझ्याच हातून पेटी निसटली होती. तुझ्या वडिलांनी आणलेली बरणी. उकिरड्यावर टाकवेना, म्हणून पुरली."

तीन वर्षे ती मला बोलली नव्हती. दर उन्हाळ्यात मी विचारी, आंब्याचे लोणचे हल्ली थोडेच का घालतेस? ती म्हणे, आता खातो कोण.

"बाकीचे तुकडे खणलेस का?"

"नाही."

"मग राहू देत."

ती उठली. तुळशीसाठी नवी कुंडी आणलेली होती. तिने खापर कुंडीच्या तळाच्या भोकावर बेताने बसवले आणि मला म्हणाली, "माती घाल."