तिले लागू पडलं, मले काऊन नाही?

मागच्या दिवाळीत पारशिवनीला घरी गेलो तेव्हा आजीने हा प्रश्न विचारला. तिला आणि शेजारच्या काकूंना आजार एकच: आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. गोळ्याही त्याच. काकू सहा महिन्यांत भाकऱ्या थापू लागल्या. आजीची बोटं मात्र वाकत गेली. औषध बदलून गुण येईपर्यंत तीन वर्षं गेली.

कोड लिहिणाऱ्या माणसाला हे छळतं. इनपुट तेच, मग आउटपुट वेगळं कसं? पुण्याला परतल्यावर दोन शनिवार वाचत बसलो. तर मंडळी, प्रश्न फार जुना निघाला.

रोगाबरोबर रोग्याची प्रकृतीही तपासा, असं चरकसंहिताच सांगते. १९०२ साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांनी मांडलं की शरीरातलं रसायन माणसागणिक थोडं वेगळं असतं आणि हा फरक वारशाने येतो. १९७८ मध्ये अमेरिकेत पीटर स्टॅस्टनी यांना आमवाताच्या रुग्णांत एचएलए-डीआर४ हा प्रकार जास्त आढळला. एचएलए म्हणजे पेशींवरचं ओळखपत्रच समजा. आपलं कोण, परकं कोण, हे प्रतिकारशक्ती त्यावरून ठरवते.

आता आपल्याकडे या. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंची दुखणी मोजली. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना काही ना काही दुखत होतं. पुढे २००५ मध्ये भूषण पटवर्धन, कल्पना जोशी आणि चोप्रा यांनी ७६ जणांची वात-पित्त-कफ प्रकृती त्याच एचएलए जनुकाशी ताडून पाहिली. काही प्रकार विशिष्ट प्रकृतीत अजिबात सापडले नाहीत! कल्पना भन्नाट आहे. पण ७६ जण आणि तीन गट, एवढ्या डेटावर मी तरी रिलीज काढणार नाही. शिवाय कोणाला कुठलं औषध द्यायचं, हे त्यातून कळत नाही.

जनुकं बघून औषध देणं काही ठिकाणी मात्र खरंच जमलंय. अझाथायोप्रिन हे दाह शमवणारं औषध काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर आणतं. त्यामागे एनयूडीटी१५ हे जनुकही असतं, हे २०१४ मध्ये कोरियातल्या रुग्णांवरून कळलं. हा बदल भारतीयांतही आढळतो. गोळी सुरू करण्याआधी तो तपासता येतो.

पण हे झालं 'कोणाला बाधेल' याचं उत्तर. आमवातात 'कोणाला लागू पडेल' हे आधीच सांगणारी भरवशाची तपासणी रोजच्या दवाखान्यात अजून नाही. तोवर उपाय साधा आहे: सुजलेले सांधे दर खेपेला मोजायचे, तीन महिन्यांत फरक नाही पडला तर उपचार बदलायचे. आजीचे सांधे कोणी मोजलेच नव्हते.

फोनवर तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तीन महिन्याचं तवाच काऊन नाही सांगतलं?"

याचं उत्तर मात्र मला कुठल्याच पेपरात सापडलं नाही.