एक विजय, तीस पराभव आणि एक घाईचा निवाडा

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या वायव्येकडील ‘डेल्टा’ नावाच्या भागात, कापसाच्या सपाट शेतांच्या मधोमध इट्टा बेना नावाचे छोटे गाव आहे. ब्लूज गायक बी. बी. किंग १९२५ साली याच परिसरात जन्मले. गावालगत मिसिसिपी व्हॅली स्टेट हे विद्यापीठ आहे. विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास. २०२३-२४ च्या हंगामात या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने एकतीस सामने खेळले, त्यांतला एक जिंकला आणि तीस गमावले.

अशा नोंदीवरचे मत बहुधा तयारच असते. खंडन करायचे तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. तो असा : खेळात निकालाइतका निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नाही. एकतीस संधींत एकदाच जिंकणारा संघ दुबळा, त्याचा प्रशिक्षक अपात्र. वारंवार हरणाऱ्या मुलांच्या अंगात पराभव मुरतो आणि पुढे जिंकता येईल असे सामनेही ती हरतात. तेव्हा विद्यापीठाने ‘डिव्हिजन वन’ या सर्वोच्च श्रेणीचा हट्ट सोडून खालच्या श्रेणीत जावे. त्यातच मुलांचे हित आहे. हे मत मांडणारे दुष्ट नसतात, पुष्कळदा सहानुभूतीनेच बोलतात. तरीही हे मत चुकीचे आहे, आणि त्याची चूक हंगामाच्या रचनेतच सापडते.

डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात संघ आपल्या परिषदेबाहेरच्या, म्हणजे विद्यापीठांच्या आपल्या गटाबाहेरच्या, संघांशी खेळतात, जानेवारीपासून परिषदेतल्या संघांशी, आणि मार्चमध्ये परिषदेची स्पर्धा जिंकणाऱ्याला अडुसष्ट संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. मिसिसिपी व्हॅली ज्या साउथवेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये म्हणजे ‘स्वॅक’मध्ये आहे, तिची सर्व बारा विद्यापीठे ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची आहेत आणि बहुतेकांच्या तिजोऱ्या रित्या आहेत. म्हणून हंगामाचे पहिले दोन महिने ती आपले संघ अक्षरशः भाड्याने पाठवतात. या सामन्यांना ‘गॅरंटी गेम’ किंवा ‘बाय गेम’ म्हणतात. बडे विद्यापीठ करार करते : आमच्या मैदानावर या, एकदा खेळा, परतीचा सामना मागू नका. त्याबद्दल एका सामन्यामागे साधारण ८० हजार ते १ लाख डॉलर मिळतात. बड्याला घरच्या प्रेक्षकांसमोर जवळपास हुकमी विजय लाभतो, छोट्याला वर्षाचा खर्च भागवायला पैसा. डिव्हिजन वनच्या सदस्याला किमान चौदा खेळांचे संघ चालवावे लागतात, त्यामुळे बास्केटबॉलच्या मुलांनी आणलेला हा पैसा इतर खेळांच्याही कामी येतो.

मिसिसिपी व्हॅलीच्या तीस पराभवांपैकी तेरा परिषदेबाहेरच्या सामन्यांतले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या कनेक्टिकटकडून हा संघ ८७-५३ असा हरला, तो त्या वेळचा राष्ट्रीय विजेता होता, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तोच पुन्हा विजेता ठरला. ज्या सामन्यात हरण्याच्या अपेक्षेनेच पैसे मोजले गेले, त्यातला पराभव गुणवत्तेच्या परीक्षेचा निकाल म्हणून नोंदवणे कोणत्या न्यायात बसते?

आपल्या न्यायशास्त्राने अशा युक्तिवादाला फार पूर्वी नाव देऊन ठेवले आहे : सव्यभिचार हेतू. जे कारण म्हणून पुढे केले, ते साध्य असलेल्या ठिकाणीही आढळते आणि नसलेल्या ठिकाणीही. म्हणून त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. ‘ओळीने हरला म्हणून संघ नालायक’ हे विधान या कसोटीवर घासून पाहावे. २००९-१० मध्ये याच परिषदेतल्या आर्कान्सा-पाइन ब्लफ संघाने हंगामाची सुरुवात ओळीने अकरा पराभवांनी केली. पुढे त्याच संघाने परिषदेची स्पर्धा जिंकली, राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशफेरीत विन्थ्रॉपला ६१-४४ असे हरवले आणि मगच तो ड्यूककडून हरला. २०१७-१८ मध्ये टेक्सस सदर्न ०-१३ वर, म्हणजे तेरापैकी एकही सामना न जिंकता, उभा होता. तोही परिषदेचा विजेता झाला आणि राष्ट्रीय स्पर्धेत एक सामना जिंकून आला.

सर्वांत बोलके उदाहरण खुद्द मिसिसिपी व्हॅलीचे आहे. २०११-१२ मध्ये पहिल्या बारा सामन्यांत या संघाने एकच जिंकला होता. त्यानंतरच्या एकवीसपैकी वीस त्याने जिंकले. परिषदेत १७-१, वर परिषदेची स्पर्धाही. १३ मार्च २०१२ रोजी डेटनमध्ये वेस्टर्न केंटकीविरुद्ध राष्ट्रीय स्पर्धेचा सामना पाहायला अध्यक्ष ओबामा आणि ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरन आले होते. शेवटची पाच मिनिटेही उरली नव्हती तेव्हा व्हॅली सोळा गुणांनी पुढे होती, आणि ५९-५८ असा एका गुणाने हरली. तो पराभव मला आजही चुटपुट लावतो, पण इथे मुद्दा वेगळा आहे. पराभव अंगात मुरतो म्हणणाऱ्यांनी सांगावे, बारापैकी अकरा सामने हरलेल्या मुलांच्या अंगात तो का मुरला नाही? डिसेंबरातले अपयश जानेवारीत कुठे गेले? ते त्या मुलांमध्ये नव्हतेच. ते वेळापत्रकात होते.

आता प्रशिक्षकाविषयी. १-३० च्या हंगामात मिसिसिपी व्हॅलीचे प्रशिक्षक होते जॉर्ज आयव्हरी. आर्कान्सा-पाइन ब्लफला ०-११ वरून राष्ट्रीय स्पर्धेत नेणारे प्रशिक्षकही हेच जॉर्ज आयव्हरी. खेळाडू म्हणून ते याच मिसिसिपी व्हॅलीचे. १९८६ च्या राष्ट्रीय स्पर्धेत व्हॅलीने अव्वल मानांकित ड्यूकला घाम फोडला होता. मध्यंतराला व्हॅली ४०-३७ अशी पुढे होती आणि शेवटी ८५-७८ अशी हरली. त्या संघात आयव्हरी होते. माणूस चौदा वर्षांत बदलतो, असे कोणी म्हणेल. बदलतो खरा. पण ज्याने हेच काम अशाच दारिद्र्यात करून दाखवले आहे, त्याला अपात्र ठरवण्याआधी बाकी काय बदलले ते पाहण्याचे कष्ट टीकाकाराने घ्यायला हवेत.

पूर्वपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप इथेच उभा राहतो. विकलेले तेरा सामने वगळले तरी परिषदेतली नोंद १-१७ आहे. तिथे समोर कनेक्टिकट नव्हते, आपल्यासारखेच गरीब संघ होते. हा आक्षेप खरा आहे. तो संघ त्या वर्षी परिषदेत सर्वांत दुबळा होता हे मी नाकारत नाही. माझा वाद दुबळेपणाच्या कारणाशी आहे.

२०१२ आणि २०२४ यांच्यामध्ये अमेरिकी विद्यापीठीय खेळाचे नियम मुळापासून बदलले. एप्रिल २०२१ मध्ये खेळाडूला एका विद्यापीठातून दुसऱ्यात पहिल्यांदा जाताना वर्षभर बाकावर बसण्याची अट निघाली. जुलै २०२१ पासून स्वतःचे नाव आणि प्रतिमा यांच्या जोरावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. खेळाडूंच्या दृष्टीने हे दोन्ही बदल न्याय्यच आहेत. वर्षानुवर्षे त्यांच्या घामावर इतर श्रीमंत होत होते. परंतु परिणाम सरळ आहे. इट्टा बेनात एखादा मुलगा दोन वर्षांत तयार झाला, की त्याला मोठ्या शहरातल्या, मोठ्या देणगीदारांच्या विद्यापीठाचे बोलावणे येते. स्वॅकमध्येही ह्यूस्टन, जॅक्सन, बॅटन रूज अशा शहरांतली विद्यापीठे आहेत; मिसिसिपी व्हॅली भोवतालच्या निर्धन डेल्टात एकटी. गरिबांच्या पंगतीतही ती शेवटच्या पानावर बसलेली आहे. २०१२ चा संघ घडवायला लागलेला वेळच आज तिला मिळत नाही.

आणि हे दारिद्र्य आकाशातून पडलेले नाही. १९५० साली ही संस्था कृष्णवर्णीयांसाठी ‘व्होकेशनल कॉलेज’ म्हणून सुरू झाली, तीही वर्णभेद कायद्याने चालू असताना. १९७५ मध्ये जेक एअर्स या पालकाने राज्याविरुद्ध दावा लावला : कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांना राज्य वर्षानुवर्षे कमी देत आले आहे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रवेशाचे नियम सर्वांना सारखे केले एवढ्याने राज्याचे कर्तव्य संपत नाही. २००२ मध्ये सुमारे ५० कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली, तीन विद्यापीठांसाठी, सतरा वर्षांत विभागून. मिसिसिपी व्हॅली त्या तिघांतली एक. जिचा वाटा मिळवायला पिढी कोर्टात गेली, तिच्या संघाचा दुबळेपणा प्रशिक्षकाच्या फळ्यावर शोधणे म्हणजे कारण सोडून लक्षणाला दंड करणे.

खालच्या श्रेणीत जाण्याचा सल्लाही असाच वरवरचा आहे. बड्या संघांना गॅरंटी गेमसाठी डिव्हिजन वनचाच प्रतिस्पर्धी हवा असतो, कारण राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीत वापरली जाणारी क्रमवारी फक्त त्याच श्रेणीतले सामने धरते. श्रेणी सोडली की हा पैसा आटतो आणि त्या पैशावर चालणारे इतर खेळही अडचणीत येतात. शिवाय ज्या परिषदेतल्या भगिनी-संस्थांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे, तीही सुटते.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचे कॅलटेक, नोबेल विजेत्यांचे माहेरघर. त्याचा बास्केटबॉल संघ तिसऱ्या श्रेणीत खेळतो. जानेवारी १९८५ नंतर त्याने परिषदेतले ३१० सामने ओळीने गमावले. २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटलला ४६-४५ असे हरवले तेव्हा ती मालिका तुटली. या संघावर ‘क्वांटम हूप्स’ नावाचा माहितीपट निघाला. कॅलटेकच्या मुलांना कोणी अपात्र म्हटले नाही. लोकांनी लगेच कारण शोधले : तिथे खेळावर प्रवेश देत नाहीत, अभ्यास जबर आहे. ते कारण खरेही आहे. माझी तक्रार एवढीच की कॅलटेकसाठी जे कारण सहज सुचते, ते इट्टा बेनासाठी कोणाला सुचत नाही. श्रीमंत, प्रतिष्ठित संस्था हरली की परिस्थिती पाहिली जाते. गरीब, कृष्णवर्णीय संस्था हरली की चारित्र्य पाहिले जाते. निकालाला निःपक्षपाती साक्षीदार म्हणणाऱ्यांनी ही साक्ष दोन ठिकाणी दोन प्रकारे वाचली आहे.

गॅरंटी गेमची पद्धत चांगली आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. वर्ग बुडवून दोन महिने परक्या मैदानांवर हरत फिरणे ही तरुण मुलांची पिळवणूक आहे, आणि पराभवाने माणूस घडतो असे म्हणून तिला सजवणे मला पटत नाही. पण तिच्यावर उपाय आहे आणि तो करूनही पाहिलेला आहे. २०२१ मध्ये पॅक-१२ ही बडी परिषद आणि स्वॅक यांनी करार केला की बड्यांनीही छोट्यांच्या मैदानावर यावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्वॅकमधल्या ग्रॅम्बलिंगने घरी कोलोरॅडोला ८३-७४ असे हरवले; दोनच दिवसांनी त्याच कोलोरॅडोने अकराव्या मानांकित टेनेसीला नमवले. टेक्सस सदर्नने ॲरिझोना स्टेटला जादा वेळेत ६७-६६ असे, तर प्रेअरी व्ह्यूने वॉशिंग्टन स्टेटला ७०-५९ असे हरवले. सर्वच यजमान जिंकले नाहीत. पण मैदान बदलताच ‘हुकमी’ विजय हुकमी राहिला नाही, हे साऱ्यांनी पाहिले.

तेव्हा अमेरिकेतल्या प्रत्येक बड्या परिषदेने अशी अदलाबदल नियम म्हणून स्वीकारावी : छोट्या संघाला दोनदा बोलावले, तर एकदा त्याच्या घरी गेलेच पाहिजे, आणि ठरलेले पैसे तरीही दिलेच पाहिजेत. त्याची सुरुवात इट्टा बेनापासून व्हावी.