सोमवारी आलेला शुक्रवार : मॉर्मन प्रचारकांच्या 'तयारीच्या दिवसा'ची कुळकथा

मॉर्मन धर्मप्रचारकाच्या आठवड्यातील ज्या एका दिवशी कपडे धुणे, किराणा आणणे, केस कापून घेणे आणि घरी पत्र लिहिणे ही कामे उरकली जातात, त्या दिवसाला 'प्रिपरेशन डे', म्हणजे तयारीचा दिवस, असे म्हणतात. बोलण्यात त्याचे 'पी-डे' झाले आहे आणि बहुतेक ठिकाणी तो सोमवारी येतो. नाव इतके साधे आहे की त्याला काही पूर्वेतिहास असेल अशी शंकाही येऊ नये. परंतु याच नावाचा दिवस नव्या करारात येशूला क्रूसावर दिल्याच्या प्रसंगी येतो, मराठी बायबलातही तो 'तयारीचा दिवस' म्हणूनच ओळखला जातो, आणि तो निःसंशय शुक्रवार आहे. शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या व उपासनेच्या दिवसाच्या (यहुद्यांचा शनिवार, मॉर्मनांचा रविवार), आदल्या दिवसाचे नाव त्याच्या दुसऱ्या दिवशी कसे येऊन बसले, हा या कुळकथेचा गाभा आहे.

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स हे मॉर्मनांचे मंडळ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यू यॉर्क राज्यात स्थापन केले. त्याचे तरुण पुरुष प्रचारक दोन वर्षे आणि स्त्रिया दीड वर्ष, स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खर्चाने, मंडळ पाठवील त्या देशात राहतात. विशी न उलटलेल्या मुलालाही तिथे 'एल्डर' म्हणजे वडीलधारा ही उपाधी लागते, मुलीला 'सिस्टर'. सकाळी साडेसहाला उठणे, धर्मग्रंथांचा व परक्या भाषेचा अभ्यास, मग नेमून दिलेल्या जोडीदारासह दिवसभर गाठीभेटी आणि रात्री साडेदहाला दिवा मालवणे, असा हा क्रम असतो. रविवारी उपासना आणि भेटी यांची सर्वाधिक गर्दी असल्यामुळे त्या दिवशी विसावा मिळत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागते.

नव्या कराराच्या ग्रीक पाठात या दिवसासाठी 'पारास्केवी' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ सज्जता, सिद्धता असा असून ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तो शब्बाथाच्या आदल्या दिवसाला लावला, कारण शब्बाथाला विस्तव पेटवणे निषिद्ध असल्याने सगळा स्वयंपाक आणि घरकाम शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी उरकावे लागे. त्याचे मूळ 'निर्गम' या पुस्तकातील मान्ना या दैवी अन्नाच्या कथेत, सहाव्या दिवशी दुप्पट अन्न गोळा करण्याच्या आज्ञेत आहे. इतिहासकार जोसेफस याने नोंदवलेल्या ऑगस्टस सम्राटाच्या हुकुमात यहुद्यांना शब्बाथाला आणि तयारीच्या दिवशी नवव्या तासानंतर, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारापासून, न्यायालयात बोलावू नये अशी सवलत आहे. तेव्हा हे नाव घरगुती न राहता रोमन कारभारातही रूढ झाले होते असे मानावे लागते.

यानंतर या शब्दाने जे प्रवास केले त्यांची गोडी वेगळीच आहे. आधुनिक ग्रीकमध्ये शुक्रवारला आजही 'पारास्केवी' म्हणतात आणि जॉर्जियन भाषेने तोच शब्द उचलला. सार्डिनिया बेटाच्या भाषेत शुक्रवारला 'केनाबुरा' म्हणतात. हे लॅटिन 'केना पुरा', म्हणजे शुद्ध भोजन, यावरून आले असून पारास्केवीला यहुदी लोक लॅटिनमध्ये हेच नाव देतात अशी साक्ष संत ऑगस्टीन याने दिली आहे. सर्वांत विलक्षण रूपांतर स्लाव लोकांत झाले. तिथे 'पारास्केवा' नावाची एक संत शुक्रवारची अधिष्ठात्री बनली, रशियन लोकांनी तिच्या नावापुढे आपल्या भाषेतील शुक्रवार जोडून तिला 'पारास्केवा प्यात्नित्सा' केले, आणि तिच्या वारी बायकांनी सूत कातू नये, कपडे धुऊ नयेत अशी लोकश्रद्धा पसरली. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थच घरकाम उरकणे असा होता, त्याच्या नावाने घरकामावर बंदी आली. आणि त्याच शब्दाचे इंग्रजी भाषांतर मॉर्मन प्रचारकांच्या वाट्याला आले, तेव्हा तो पुन्हा धुण्याचाच दिवस ठरला.

येथे वादाचा मुद्दा येतो. विसाव्या शतकाच्या मध्याला प्रचारक या सुटीला 'डायव्हर्जन डे', म्हणजे विरंगुळ्याचा दिवस, म्हणत; 'प्रिपरेशन डे' हे नाव नंतरचे आहे. त्यावरून असे म्हणता येईल की बायबलचा येथे काही संबंध नाही, विरंगुळा हा शब्द प्रचारकाला शोभत नाही म्हणून व्यवस्थापकांनी तो बदलला. दुसरा पक्ष याहून सबळ आहे : मॉर्मनांच्या स्वतःच्या 'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या ग्रंथात सज्ज राहण्याचा उपदेश वारंवार येतो, घरोघर धान्यसाठा ठेवण्याची त्यांची शिस्तही त्यातूनच पोसली गेली, तेव्हा हा शब्द घरचाच आहे. परंतु त्या ग्रंथात सज्जता हा गुण आहे, आठवड्यातील वाराचे नाव नव्हे. तयारी हे एका वाराचे नाव म्हणून नव्या करारातील शुभवर्तमानांतच येते, आणि मॉर्मन मंडळ इंग्रजीत वापरते त्या किंग जेम्स बायबलात त्यासाठी नेमका 'प्रिपरेशन' हाच शब्द आहे. रोज पहाटे तोच पाठ वाचणाऱ्यांना नवे नाव सुचताना तो आठवला नसेल, हे संभवत नाही.

वार मात्र शुभवर्तमानांतून आलेला नाही. त्याचे एक स्पष्टीकरण असे की १९७० मध्ये मंडळाने सोमवारची संध्याकाळ कौटुंबिक उपासनेसाठी राखून ठेवली, म्हणून प्रचारकांनाही तोच दिवस मोकळा मिळाला. हे पटण्यासारखे नाही, कारण तयारीचा दिवस संध्याकाळी सहाच्या सुमारास संपतो आणि प्रचारक पुन्हा भेटींना निघतात. राखीव संध्याकाळ त्या मोकळ्या दिवसात येतच नाही. खरे उत्तर इंग्लंड-अमेरिकेच्या परसदारात शोधले पाहिजे. तिथे सोमवार हा पिढ्यान्‌पिढ्या धुण्याचा वार होता : रविवारी अंगावरून उतरलेले चांगले कपडे हाताशी असत, रविवारच्या शिल्लक मांसावर जेवण भागत असल्याने चूल पाणी तापवायला मोकळी राही, आणि एवढे धुणे वाळवून इस्त्री करायला पुढचा आठवडा मिळे. मॉर्मनांच्या युटा राज्याची वस्ती मुख्यतः न्यू इंग्लंड आणि ब्रिटन येथून आलेल्या कुटुंबांनी वसवली, त्यामुळे सोमवारी फळीवर कपडे घासणाऱ्या आईचा मुलगा परदेशी गेल्यावर सोमवारीच शर्ट धुऊ लागला, हे अनुमान सर्वांत सरळ आहे. मॉर्मन मंदिरे सोमवारी बंद असल्याने मंदिराजवळच्या काही मिशनांत हा दिवस दुसऱ्या वारी हलवला जातो, यावरूनही वाराला धर्माचे बंधन नाही हे दिसते.

अशा रीतीने नाव यरुशलेमचे आणि वार परसदारातला असा हा संकर आहे. यहुदी गृहिणी शब्बाथ मोकळा व्हावा म्हणून तयारी करी, तर प्रचारकाचा शब्बाथच कामाचा असल्याने त्याची तयारी उरलेले सहा दिवस मोकळे करण्यासाठी असते, आणि म्हणून ती शब्बाथाच्या अलीकडून पलीकडे सरकली. या फरकाची प्रचिती अथेन्समध्ये येते, कारण तेथील प्रचारकाने सोमवारच्या या सुटीला शुभवर्तमानातील मूळ शब्द लावला तर ऐकणारा शुक्रवार समजेल.

आरंभीच्या प्रचारकांना असा दिवसच नव्हता. ते थैली-शिदोरी न घेता निघत आणि ज्या घरी आश्रय मिळे तिथेच त्यांचे धुणे-जेवण होई. १८५२ मध्ये मुंबईत येऊन पुढे पुण्यात प्रचार करणारा ह्यू फिंडले त्याच पिढीतला. भाड्याची खोली, ठरलेले वेळापत्रक आणि स्वतःचा स्वयंपाक आल्यावरच तयारीच्या दिवसाची गरज निर्माण झाली. त्या दिवसाच्या कामांपैकी पत्रलेखन आता ई-मेलवर गेले आहे, आणि नाताळ व मातृदिन एवढ्याच प्रसंगी घरी दूरध्वनी करण्याची जी परवानगी होती, ती फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याच्या तयारीच्या दिवसासाठी देण्यात आली आहे.